‘मिश्री लावता का?’ : एका फेसलिफ्टचं प्रकरण

दुकानात आलेलं गिऱ्हाईक साडीला हात घालायच्या आधी त्यांच्या तोंडाकडे बघायचं आणि विचारायचं, “वहिनी, बरं नाही का?” दिवसातून चार-पाच वेळा. पहिल्या भेटीत बाईंनी मला एवढंच सांगितलं आणि गप्प बसल्या.

वय ५८. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावात साड्यांचं दुकान, गल्ल्यावर त्या स्वतः बसतात. हे लिहायला त्यांची परवानगी आहे. ओळख पटेल असे बारीकसारीक तपशील मी बदलले आहेत. दोन वर्षांपूर्वी त्यांना मधुमेह निघाला. तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ९.४ होती. बाईंनी मनावर घेतलं, भात कमी केला, पहाटे चालायला लागल्या आणि दीड वर्षात वजन ८४ किलोवरून ६३ वर आणलं. साखर ६.२ वर आली, गुडघे दुखायचे थांबले. शरीर आतून सुधारत गेलं आणि चेहरा मात्र आजाऱ्यासारखा दिसायला लागला. गाल ओघळून जबड्याच्या कडेवर आले, हनुवटीखाली कातडीची झोळी झाली. कष्टानं कमावलेल्या तब्येतीबद्दल लोक हळहळत होते, ते त्यांना सहन होत नव्हतं.

“मला तरुण दिसायचं नाही डॉक्टर. मला बरी आहे तशी दिसायचंय.”

हे वाक्य मी केसपेपरवर जसंच्या तसं लिहून ठेवलं. फेसलिफ्टसाठी, म्हणजे ओघळलेला चेहरा आणि गळा ऑपरेशननं वर उचलून घ्यायला, येणारा माणूस नेमकं काय मागतो यावर माझा अर्धा निर्णय अवलंबून असतो. नवऱ्याचं लक्ष परत यावं, सुनेसमोर म्हातारी दिसू नये, लग्नातल्या फोटोसारखी दिसावी अशा मागण्या सुरीनं पुऱ्या होत नाहीत, आणि त्या पेशंटना मी समजावून परत पाठवतो. बाईंची मागणी मोजकी होती आणि ती शरीरात बोट ठेवून दाखवता येत होती.

तपासणी नेहमी बसवून करतो, कारण आडवं झाल्यावर सगळंच जागेवर जातं. आरसा त्यांच्या हातात दिला. त्यांनी दोन बोटांनी कानापुढची कातडी मागे ओढून दाखवली. बहुतेक सगळ्या बायका हेच करून दाखवतात. मी त्यांची बोटं थोडी वर, गालाच्या हाडापाशी नेली आणि ओढण्याची दिशा बदलली. तेव्हा जबड्याची कड खरी मोकळी झाली. गळ्यावर हनुवटीखालून खाली उतरणारे दोन उभे दोर दिसत होते. गळ्यातला पातळ, पसरट स्नायू मधोमध दुभंगला की त्याच्या कडा अशा दोरांसारख्या उठून दिसतात. कानाच्या पाळ्या चाळीस वर्षं जड कुड्या घालून लांबलेल्या, डावीचं भोक जवळजवळ खालपर्यंत फाटलेलं. सावळ्या कातडीवर व्रण जाड व्हायची भीती असते, म्हणून जुना व्रण बघायला मागितला. कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनचा पोटावरचा व्रण सपाट आणि फिका होता. तो बघून मला धीर आला.

आधी एका ठिकाणी त्यांनी कातडीखाली धागे घालून घेतले होते. चार महिने बरं वाटलं, मग पुन्हा होतं तसं. धागे, मशीनची उष्णता, फिलर (कातडीखाली टोचायचा भराव) यांचा उपयोग नसतो असं नाही. सैलपणा थोडा असेल तर होतो. एकवीस किलो वजन उतरलेल्या गळ्यावर जादा कातडी नुसती शिल्लक असते आणि ती कुठलंही मशीन काढून टाकत नाही.

ऑपरेशन समजावताना मी चित्र काढायला लागलो. तेवढ्यात बाईंनीच मला सोपं करून दिलं. मी म्हणालो, कातडीखाली आणखी एक थर असतो, चरबीच्या खाली, स्नायूंना धरून. त्या म्हणाल्या, “म्हणजे ब्लाउजचं अस्तर.” अगदी तेच. “मग अस्तर ढिलं ठेवून वरचं कापड ओढून शिवलं तर शिवणीवर ताण येतो. कापड फाटतं नाहीतर चुण्या पडतात.” फेसलिफ्टचा पाऊणशे वर्षांचा इतिहास त्यांनी दोन वाक्यांत सांगून टाकला. १९०१ साली बर्लिनमध्ये ऑयगेन हॉलेंडर यांनी हे ऑपरेशन केलं तेव्हापासून कित्येक दशकं डॉक्टर कानापुढची कातडी कापून, ओढून शिवत राहिले. चेहरा वाऱ्यात उभा राहिल्यासारखा ताणलेला दिसायचा, कानाची पाळी खाली ओढली जायची, व्रण रुंदावायचे आणि वर्ष-दोन वर्षांत गाल पुन्हा खाली यायचे. पुढे स्वीडनच्या टॉर्ड स्कूग यांनी खालचा थर कातडीसकट उचलायला सुरुवात केली. १९७६ मध्ये पॅरिसच्या मित्झ आणि पेरोनी यांनी त्या थराची नीट रचना मांडली. आम्ही त्याला ‘स्मास’ म्हणतो. १९९० मध्ये अमेरिकेत सॅम हॅम्रा यांनी त्याच्याही खाली जाऊन, गाल हाडाला धरून ठेवणारे बंध सोडवून सगळं एकत्र वर नेण्याची पद्धत मांडली. आज भार अस्तरावर येतो. कातडी फक्त अंथरायची आणि उरलेली कापायची.

व्रणाची जागा ठरवायला मात्र पुस्तक पुरलं नाही. पुढचा छेद सोपा असतो, कानाच्या पुढच्या कुर्चेच्या आड लपतो. अडचण कानामागे. गळ्याची कातडी खूप काढायची तर छेद मानेवर केसांच्या कडेनं न्यावा लागतो. तो केसांच्या आत नेला तर केसांची रेघ पायरीसारखी तुटते. केस मोकळे सोडणाऱ्या बाईला कडेचा व्रण चालतो. या बाई रोज अंबाडा घालतात, सणावाराला त्यावर गजरा. मी त्यांना तिथेच अंबाडा घालायला सांगितलं. त्यांनी तोंडात आकडे धरून अर्ध्या मिनिटात घातला. मार्करनं मी कानामागच्या घडीतून रेघ नेली, कानाच्या मध्याच्याही वर, जिथं अंबाड्याचे केस येऊन पडत होते तिथं ती केसांकडे वळवली आणि शेवटचा तुकडा कडेच्या बारीक लवेतून उतरवला. दोन आरसे धरून त्यांनी मागून बघितलं, अर्ध्या बोटानं वर घ्यायला लावलं. ती त्यांची रेघ मी फोटो काढून ठेवली आणि ऑपरेशनच्या दिवशी तशीच आखली.

खर्चाचं बोलणंही त्याच दिवशी झालं. अशा ऑपरेशनला आरोग्य विमा मिळत नाही आणि वर १८ टक्के जीएसटी लागतो. यजमान शेजारी बसले होते, आतापर्यंत एक शब्द बोलले नव्हते. म्हणाले, “डॉक्टर, हिच्या तोंडाबद्दल माझी काही तक्रार नव्हती हो.” बाई म्हणाल्या, “तुमची नव्हती. माझी आहे.” आणि पैसे दुकानातल्या त्यांच्या वाट्याचे आहेत हेही मला सांगून टाकलं.

आता या प्रकरणातली पहिली चूक. ती माझी.

बीपीची गोळी चालू आहे, दमा नाही, रक्त पातळ करायची गोळी नाही, लसणाच्या कॅप्सूल घ्यायच्या त्या तीन आठवडे आधी बंद केल्या, असं सगळं विचारून झालं होतं. तंबाखूचंही विचारलं होतं. “सिगारेट, तंबाखू काही?” “छे, छे.” आदल्या संध्याकाळी त्या दाखल झाल्या. भूल देण्याआधी हलणारे दात, कवळी बघतात, म्हणून आमच्या जुन्या सिस्टरनी त्यांना तोंड उघडायला सांगितलं. हिरड्यांच्या कडेला काळपट रेघ दिसली. त्या गावाकडच्याच आहेत. सहज विचारावं तसं त्यांनी विचारलं, “मावशी, मिश्री लावता का?”

“लावते की. सकाळी अन् रात्री. दुपारी दुकानात गर्दी नसली तर एकदा.”

बाई खोटं बोलल्या नव्हत्या. त्यांच्या लेखी तंबाखू म्हणजे चुना लावून गडी माणसं तळहातावर मळतात ती. मिश्री म्हणजे दात घासायची वस्तू. सासूबाईंच्या काळापासून घरात तवा तापवून तंबाखू भाजली जाते, खलबत्त्यात कुटली जाते आणि पत्र्याच्या डबीत भरली जाते. बोटावर घेऊन हिरडीला लावायची आणि दहा-पंधरा मिनिटं तशीच ठेवायची. त्याशिवाय पोट साफ होत नाही असं घरोघरी बायका सांगतात. पण हिरडीतून निकोटीन थेट रक्तात जातं, तेही दिवसातून तीनदा. मी इतकी वर्षं या भागात काम करतो, मिश्रीचे डाग मी शेकडो तोंडांत पाहिले आहेत, आणि माझ्या छापील फॉर्मवर तो शब्द नव्हता.

फेसलिफ्टमध्ये कातडी खालच्या थरापासून मोकळी करतात. खालून येणारं रक्त तुटतं आणि उचललेली कातडी चेहऱ्याच्या मधल्या बाजूकडून सरकत येणाऱ्या रक्तावर जगते. सगळ्यात लांबचं टोक कानामागचं, आणि तिथंच कातडी सगळ्यात पातळ. निकोटीन बारीक रक्तवाहिन्या आवळतं. १९८४ साली न्यूयॉर्कच्या थॉमस रीस आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये या ऑपरेशननंतर कातडी मरण्याचा धोका न ओढणाऱ्यांच्या सुमारे बारा पट असतो. मिश्रीला धूर नाही, पण निकोटीन तेच.

मी ऑपरेशन रद्द केलं. बाई चिडल्या. सोनं गहाण टाकल्यासारखी तयारी करून आल्या होत्या: दुकानात माणूस नेमलेला, जावेला ‘देवदर्शनाला जाते’ म्हणून सांगितलेलं. यजमानांना वाटलं आता नादच सुटेल. त्यांना खाली बसवून मी कानामागच्या टोकाचं सांगितलं, कागदावर काढून. त्या ऐकत होत्या. मग विचारलं, “किती दिवस?” सहा आठवडे, आणि नंतरही कायमची बंद ठेवता आली तर उत्तम. पहिले दहा दिवस त्यांचं डोकं दुखलं, पोट बिघडलं, गिऱ्हाइकावर ओरडल्या. सिस्टर आठवड्यातून दोनदा फोन करत होत्या. सहा आठवड्यांनी लघवीत निकोटीनचा अंश तपासला, नव्हता. डबी त्यांनी विहिरीत टाकली असं सांगितलं.

ऑपरेशनला साडेचार तास लागले, पूर्ण भूल देऊन. हनुवटीखाली ३ सेंटिमीटरच्या छेदातून गळ्याच्या स्नायूच्या दुभंगलेल्या कडा मधोमध शिवून घेतल्या. चरबी मुद्दाम फारशी काढली नाही. वजन उतरलेल्या माणसाचा गळा आधीच रिकामा असतो, आणखी काढली तर खड्डे पडतात. मग कानापुढून कातडी, तिच्याखाली अस्तर. गालाच्या हाडापाशी आणि चावण्याच्या स्नायूच्या पुढच्या कडेला गालाला धरून ठेवणारे बंध असतात. ते सुटले की गाल हातात मऊ होऊन येतो; तो क्षण दर वेळी बोटांना कळतो. त्याच्या लगेच खाली चेहरा हलवणाऱ्या नसेच्या फांद्या असतात, पातळ पडद्यातून पांढऱ्या दोऱ्यांसारख्या दिसतात. त्या भागात मी घाई करत नाही, संगीतही बंद करायला सांगतो. अस्तर वर आणि किंचित मागे नेऊन पक्कं शिवलं. मग कातडी अंथरली. कानापुढे साधारण ३ सेंटिमीटर जादा निघाली. पाळीला ताण न देता तिच्याभोवती शिवलं, फाटलेलं भोक बुजवलं. दोन्ही बाजूंना बारीक नळ्या ठेवून पट्टी बांधली. दुपारी दोनला त्या शुद्धीवर होत्या, भुवया वर करून दाखवल्या, दात दाखवले, दोन्ही बाजू सारख्या.

रात्री पावणेदोनला फोन आला. “सर, मावशी म्हणतात डावीकडे फार ओढल्यासारखं वाटतंय. ओठ सुजलाय.”

फेसलिफ्टनंतर फारसं दुखत नाही. एकाच बाजूला दुखणं वाढत गेलं तर ते रक्त साठल्याचं लक्षण, दुसरं सिद्ध होईपर्यंत तेच धरून चालायचं. बायकांमध्ये शंभरात एक ते चार जणींना असं होतं, पुरुषांमध्ये त्याहून जास्त, आणि बहुतेक वेळा पहिल्या चोवीस तासांत. ऑपरेशनच्या वेळी टोचलेल्या ॲड्रेनलिननं आकसलेल्या रक्तवाहिन्या काही तासांनी उघडतात. त्याच वेळी बीपी वर गेलं तर जिथं दुपारी कोरडं होतं तिथं झिरपायला लागतं. नळ्या आहेत म्हणून बिनधास्त राहता येत नाही. रक्ताची गाठ नळीत शिरत नाही.

वीस मिनिटांत पोचलो. पट्टी कापली. डावा गाल टम्म, कातडी चकाकणारी, कानामागे निळसर. बीपी १७२/९८. कॉटशेजारीच कानामागचे चार टाके सोडून गाठ दाबून बाहेर काढली, म्हणजे कातडीवरचा दाब लगेच उतरला. मग थिएटर. एकूण ७० मिलिलिटर रक्त निघालं. मोठी रक्तवाहिनी कुठली सुटली नव्हती, सगळीकडून थोडं थोडं पाझर होता. धुतलं, बारीक ठिकाणं बंद केली, पुन्हा शिवलं. पहाटे चारला कातडीवर बोट दाबून सोडलं तर रंग परत येत होता.

मग बसून सगळे कागद काढले. बीपीची सकाळची गोळी भुलीच्या डॉक्टरांनी नेहमीप्रमाणे थांबवली होती, ते योग्यच होतं. संध्याकाळी ती परत सुरू करायची कुणाच्या लक्षात आली नव्हती, आणि ते लक्ष ठेवणं माझं काम होतं. बीपी दर चार तासांनी बघा असं मी लिहिलं होतं. दहाला १३४ होतं, मधल्या तासांत कुणी बघितलं नाही. बाराच्या सुमाराला त्यांना दोनदा उलटीचे उमाळे आले. आणि सकाळी बाईंनी स्वतः सांगितलं ते मला सगळ्यात लागलं: रात्री अकरापासून त्यांना लघवीला लागली होती, वॉर्डात पुरुष कर्मचारी ये-जा करत होता, म्हणून भांडं मागायला संकोच वाटला आणि त्या दाबून पडून राहिल्या. भरलेल्या मूत्राशयानंही बीपी चढतं.

दुसऱ्या दिवशी त्यांना आणि यजमानांना मी हे सगळं, गोळीसकट, सांगितलं. पुन्हा थिएटरमध्ये नेण्याचा खर्च लावला नाही. यजमान म्हणाले, “तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत.” बाई काही बोलल्या नाहीत.

पुढचे दोन आठवडे जड गेले. गळा निळा-हिरवा-पिवळा होत उतरला. सातव्या दिवशी त्यांनी आरशात बघून रडायला सुरुवात केली: “हे मी काय करून बसले?” पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या मध्ये बऱ्याच जणी या खड्ड्यात पडतात, चेहरा सुजलेला, अनोळखी, आणि घरात कुणाला सांगायची सोय नाही. मी आधी सांगून ठेवलेलं असतं, पण त्या दिवशी त्याचा काही उपयोग होत नाही. सिस्टर येऊन त्यांच्याजवळ अर्धा तास बसल्या, त्याचा झाला. डाव्या कानामागे दीड सेंटिमीटरची काळी खपली धरली होती. ती पाण्याच्या ड्रेसिंगवर साडेतीन आठवड्यांत भरून आली. मिश्री चालू असती तर ती एवढ्यावर थांबली असती असं मला वाटत नाही.

त्या प्रकरणानंतर आमच्या फॉर्मवर तंबाखूच्या रकान्यात मिश्री, मशेरी, तपकीर, गुटखा आणि मावा वेगवेगळे छापले आहेत, आणि ते विचारायचं काम सिस्टरांकडे आहे, माझ्याकडे नाही. त्यांना खरं उत्तर मिळतं. पहिल्या रात्री बीपी दर तासाला, वरचा आकडा १४० च्या वर गेला की मला फोन, उलटीचं औषध भूल उतरायच्या आधी, लघवीची नळी सकाळपर्यंत, आणि त्या खोलीत फक्त बाई कर्मचारी.

वर्षानं त्या दाखवायला आल्या. हनुवटीखालची कड स्वच्छ, गळ्यावरचे दोर नाहीत. जबड्यापाशी डावीकडे किंचित सैलपणा परत आला आहे, तो मला दिसतो, त्यांना सांगितल्यावर दिसला. असा परिणाम साधारण आठ-दहा वर्षं टिकतो. वय थांबत नाही, ते फक्त थोड्या मागच्या जागेवरून पुढे चालतं. अंबाडा घातलेला होता. कानामागची रेघ शोधायला मला चष्मा लावावा लागला. डावी पाळी पुन्हा टोचून घेतली होती, आणि त्यात हलक्या कुड्या.

डाव्या कानाच्या खालचा रुपयाएवढा भाग अजून बधिर आहे. पाळीला संवेदना देणारी नस या ऑपरेशनमध्ये सगळ्यात जास्त वेळा दुखावते, आणि त्या रात्रीच्या गाठीनं ती दाबलीही गेली होती. फोन आता त्या उजव्या कानाला लावतात. डावीकडे लावला की तो कानाला टेकलाय की नाही हेच कळत नाही, म्हणाल्या.

“आणि दुकानात?” मी विचारलं.

“आता विचारतात, वहिनी, मिश्री सोडली म्हणे?”